पराभूतांनी मोठा केलेला खेळ

१४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये धो धो पाऊस पडला. ऑलिंपिकमधला हॉकीचा अंतिम सामना त्यामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले. ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पण त्याच पावसात, त्याच शहरात आणखी एक अंतिम सामना होता आणि तो पुढे ढकलला गेला नाही. टेनिससाठी केलेल्या माती-वाळूच्या उघड्या कोर्टांवर अमेरिका आणि कॅनडा बास्केटबॉल खेळत होते. कोर्टाचा चिखल झालेला, चेंडू जड झालेला. टप्पा उठतच नव्हता, मग चेंडू टप्पे मारत पुढे न्यायचा कसा? मध्यंतराला अमेरिका १५-४ अशी पुढे होती आणि सामना संपला तेव्हा गुणफलक होता १९-८. ऑलिंपिकमधले बास्केटबॉलचे पहिले सुवर्णपदक असे भिजत मिळाले.

या आकड्यांवरून आजच्या वाचकाला त्या खेळाची कल्पना करणे अवघड जाईल. हल्लीच्या सामन्यात १९ गुण पहिल्या काही मिनिटांतच होतात. त्या चिखलापासून आजच्या प्रकाशझोतातल्या सभागृहांपर्यंतचा प्रवास साधारणपणे विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो, आणि त्यात अमेरिकेचे नाव इतक्या वेळा येते की इतर कोणाचे फारसे लक्षात राहत नाही. या प्रस्तावनेचे म्हणणे वेगळे आहे. ऑलिंपिक, एशियाड, पॅन अमेरिकन यांसारख्या स्पर्धांत बास्केटबॉलला जगाचा खेळ केले ते हरणाऱ्या संघांनी. केवळ या खेळाची जागतिक स्पर्धा असती, तर दुबळ्या संघांना बलाढ्य संघांसमोर उभे राहायला क्वचितच मिळाले असते. अनेक खेळांच्या मेळाव्यात मात्र देश आपले पथक घेऊन येतो, त्यात बास्केटबॉलचाही संघ असतो, तो हरतो, आणि पुढच्या चार वर्षांसाठी काहीतरी शिकून परततो.

खेळाचा जन्म डिसेंबर १८९१ मधला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ हे कॅनडात जन्मलेले शिक्षक होते. हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत तरुणांना खेळवायचे कसे, या अडचणीतून त्यांनी पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. खेळ पसरला तो वायएमसीएच्या जाळ्यामुळे. या संस्थेचे शारीरिक शिक्षक जिथे जिथे गेले, तिथे हा खेळ आणि त्याची नियमावली सोबत गेली. मुंबईतही अशीच साखळी दिसते. क्लिफर्ड मॅनशार्ड्ट या अमेरिकी मिशनऱ्याने नागपाड्यात नेबरहूड हाऊस ही संस्था उभी केली, आणि त्याच नागपाड्याच्या गल्ल्यांतून पुढे गुलाम अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आला. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रात्यक्षिक म्हणून झाले, पण तिथे खेळणारे सगळे संघ अमेरिकेचेच होते. बफेलो शहरातल्या जर्मन वस्तीच्या वायएमसीएचा संघ जिंकला. आंतरराष्ट्रीय म्हणावी अशी खरी सुरुवात आशियात झाली, ही गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. १९१३ मध्ये मनिला येथे फार ईस्टर्न चॅम्पियनशिप गेम्स भरले. त्यामागेही वायएमसीएचेच एल्वुड ब्राऊन होते. फिलिपिन्स आणि चीन यांचे संघ तिथे बास्केटबॉलमध्ये भिडले, म्हणजे बर्लिनच्या तब्बल २३ वर्षे आधी. १९३४ पर्यंत या स्पर्धा दहा वेळा झाल्या. १९२१ मध्ये शांघायला चीन जिंकला, बाकीच्या नऊ वेळा फिलिपिन्स. फिलिपिन्समध्ये आज गल्लीबोळांत, नारळाच्या झाडालाही कडे ठोकलेले दिसते, त्याचे मूळ मोठ्या प्रमाणात या यशात आहे.

बर्लिनला २१ संघ खेळले. नेस्मिथ तेव्हा ७४ वर्षांचे होते. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढून त्यांना जर्मनीला पाठवले आणि एस्टोनिया-फ्रान्स या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हातून हवेत उडाला. अमेरिकी संघही आजच्या मोजमापात न बसणारा होता. निम्मे खेळाडू हॉलिवूडच्या युनिव्हर्सल पिक्चर्स या स्टुडिओच्या संघातले, तर बहुतेक उरलेले कॅन्सस राज्यातल्या मॅकफर्सन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या संघातले. फिलिपिन्सने मेक्सिको, एस्टोनिया, इटली, उरुग्वे यांना हरवले. ते हरले फक्त अमेरिकेकडून, तरीही स्पर्धेच्या रचनेमुळे पाचव्या क्रमांकावर राहिले. आशियाच्या पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते आजवरचे सर्वोच्च स्थान आहे. नव्वद वर्षे होत आली, हा पाचवा क्रमांक कोणी ओलांडलेला नाही.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही गेले होते आणि त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. अवघ्या ४५ वर्षांचा बास्केटबॉल पदकाचा खेळ झाला होता, तर कबड्डीला एशियाडमध्ये पदकाचा खेळ व्हायला १९९० चे बीजिंग उजाडावे लागले. कबड्डीत रोमांच कमी होता असे कोणीही म्हणणार नाही. फरक संघटनेचा होता. बास्केटबॉलपाशी एकच छापील नियमावली होती, ती शिकवणारे शिक्षक खंडोखंडी होते, आणि १९३२ मध्ये जिनिव्हात आठ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिबा, स्थापन केला होता. रेनातो विल्यम जोन्स हे त्याचे पहिले सचिव. चाळीस वर्षांनी हेच जोन्स खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत वादग्रस्त तीन सेकंदांच्या मध्यभागी उभे राहणार होते.

महायुद्धानंतर लंडन, हेलसिंकी, मेलबर्न, रोम, टोकियो, मेक्सिको सिटी अशी सगळीकडे अमेरिका जिंकत गेली. त्यातला हेलसिंकीचा सामना थांबून पाहावा असा आहे. १९५२ मध्ये सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला आणि अंतिम सामन्यात त्याने चेंडू अडवून ठेवण्याचा डाव टाकला. बास्केट टाकायची घाईच करायची नाही, चेंडू आपसांत फिरवत राहायचे. अमेरिका ३६-२५ अशी जिंकली, पण प्रेक्षक कंटाळले. अशा रेंगाळण्याला आळा घालण्यासाठी फिबाने १९५६ मध्ये ३० सेकंदांत बास्केटकडे फेक करण्याचे बंधन घातले. आज हा खेळ पळता दिसतो, त्यात अशा संथ सामन्यांनी दिलेल्या धड्याचा मोठा वाटा आहे.

आणि मग म्युनिक.

१९७२ च्या त्या ऑलिंपिकवर आधीच इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाची छाया होती. स्पर्धा थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. बास्केटबॉलचा अंतिम सामना ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला सुरू झाला, कारण अमेरिकेतल्या टीव्ही प्रेक्षकांना तो सोयीच्या वेळी दिसायला हवा होता. ऑलिंपिकमध्ये सलग ६३ सामने जिंकलेला अमेरिकी संघ जवळपास पूर्ण वेळ मागे होता. शेवटचे तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो घालून संघाला ५०-४९ असे पुढे आणले.

त्यानंतर जे झाले ते कागदावर मांडतानाही गोंधळायला होते. सोव्हिएत संघाने चेंडू आत टाकला, पंचांनी एक सेकंद उरला असताना खेळ थांबवला. सोव्हिएत प्रशिक्षकांचे म्हणणे होते की आपण मागितलेला टाइमआऊट दिला गेला नाही. विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर न्यायला सांगितले. नियमांनी त्यांना तसा अधिकार नव्हता. चेंडू दुसऱ्यांदा आत आला, पण घड्याळ अजून लावलेच गेले नव्हते. भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडूंनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि त्यांना पुन्हा कोर्टावर बोलावण्यात आले. तिसऱ्या वेळी इव्हान येदेश्कोने कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्सांदर बेलोवने तो दोन अमेरिकी खेळाडूंच्या मध्ये झेलला आणि बास्केटमध्ये टाकला. ५१-५०. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेट्टो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. पाच जणांच्या अपील समितीत क्युबा, हंगेरी आणि पोलंड एका बाजूला, इटली आणि पोर्तो रिको दुसऱ्या बाजूला, असा ३-२ निकाल लागला. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत, आणि आजही ती पदके कोणी नेलेली नाहीत.

त्या रात्री अन्याय झाला का? घड्याळाच्या बाबतीत निश्चितच झाला. पण तीन सेकंदांच्या वादात उरलेली ३९ मिनिटे ५७ सेकंद झाकली गेली आहेत, आणि तीच जास्त महत्त्वाची आहेत. त्या सगळ्या वेळात एका युरोपीय संघाने खेळाच्या जन्मभूमीला अडवून धरले होते. तो निव्वळ योगायोग असता तर विसरला गेला असता.

चार वर्षांनी माँट्रियलला महिलांचे बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आले. पुरुषांनंतर पूर्ण चाळीस वर्षांनी, आणि तेही फक्त सहा संघांसह. पहिल्याच दिवशी जपानने अमेरिकेला ८४-७१ असे हरवले. ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचे पहिले गुण त्याच सामन्यात लुशिया हॅरिस या अमेरिकी खेळाडूच्या नावावर लागले. सुवर्णपदक मात्र सोव्हिएत संघाचे. दोन मीटरहून अधिक उंचीच्या लाटव्हियन उलियाना सेम्योनोवाभोवती रचलेल्या त्या संघाने अमेरिकेवर ११२-७७ असा विजय मिळवला. त्याच अमेरिकेच्या महिला संघाने १९९६ पासून २०२४ पर्यंत सलग आठ सुवर्णे जिंकली आहेत. माँट्रियलच्या ३५ गुणांच्या मारापासून ही वाट सुरू होते.

१९८० चे मॉस्को भारतीय वाचकासाठी महत्त्वाचे. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि भारतीय पुरुष संघाला बास्केटबॉलचे ऑलिंपिक खेळायला मिळाले. हा आजवरचा एकमेव प्रसंग. यजमान सोव्हिएत संघाकडून १२१-६५, ब्राझीलकडून १३७-६४, चेकोस्लोव्हाकियाकडून १३३-६५ असे पराभव पत्करत भारताने सातही सामने गमावले आणि बारा संघांत बारावा क्रमांक आला. हॉकीच्या सुवर्णामुळे त्या वर्षीचे मॉस्को आपल्या स्मरणात आहे, पण या बारा खेळाडूंची आठवण जवळपास कोणी काढत नाही. दुःख त्यांच्या हरण्याचे नाही. इराकही १९४८ मध्ये लंडनला चीनकडून १२५-२५ असा हरला होता, प्रत्येक देश कुठेतरी असा हरलेला आहे. दुःख याचे की त्या पराभवावर पुढे काही उभे केले गेले नाही.

उभे करणे म्हणजे काय, हे ब्राझीलने १९८७ मध्ये दाखवले. इंडियानापोलिसला पॅन अमेरिकन स्पर्धा भरली होती. अंतिम सामन्यात मध्यंतराला अमेरिका १४ गुणांनी पुढे. फिबाने तीन वर्षांपूर्वीच तीन गुणांची रेषा आणली होती. ऑस्कर श्मिट आणि मार्सेल सोझा यांनी त्या रेषेपलीकडून मारा सुरू केला. ऑस्करचे ४६ गुण झाले आणि ब्राझील १२०-११५ असा जिंकला, अमेरिकेच्या भूमीवर. पुढच्याच वर्षी सोलमध्ये उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असे नमवले. एप्रिल १९८९ मध्ये फिबाच्या सभेने ५६ विरुद्ध १३ मतांनी व्यावसायिक खेळाडूंना दार उघडले. सभा म्युनिकमध्येच होती. अमेरिकेच्या पराभवामुळे अमेरिकेनेच हा बदल घडवून आणला असे अनेकदा लिहिले जाते, पण अमेरिकी संघटनेने ठरावाच्या विरोधात मत दिले होते. बदलामागे बोरिस स्टान्कोविच हे फिबाचे युगोस्लाव्ह सरचिटणीस होते. सर्वोत्तम खेळाडूंशी खेळल्याशिवाय बाकीचे जग वर येणार नाही, ही त्यांची धारणा होती.

ती धारणा बार्सिलोनात १९९२ मध्ये कसाला लागली. मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांच्या ‘ड्रीम टीम’ने सरासरी ४० हून अधिक गुणांनी सामने जिंकले. प्रशिक्षक चक डेली यांनी एकदाही टाइमआऊट घेतला नाही. पहिल्या सामन्यात अंगोला ११६-४८ असा चिरडला गेला. बहुतेक लेखन इथे थांबते. पण त्याच अंगोलाने त्याच स्पर्धेत यजमान स्पेनला ८३-६३ असे हरवले! आणि लिथुएनियाची कथा तर आणखी सुंदर आहे. सोलला जिंकलेल्या सोव्हिएत संघाच्या मुख्य पाचांपैकी चार जण लिथुएनियन होते, त्यांत अर्विदास सबोनिस. देश स्वतंत्र झाल्यावर तेच खेळाडू स्वतःच्या झेंड्याखाली आले आणि माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असे हरवून कांस्यपदक घेऊन गेले. त्या कांस्यासमोर अमेरिकेचे सुवर्णही फिके वाटावे.

बारा वर्षांत बाकीचे जग किती वर आले, हे अथेन्सला २००४ मध्ये दिसले. पोर्तो रिकोने अमेरिकेला ९२-७३ असे हरवले, उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने ८९-८१ असे. मानू जिनोबिलीच्या अर्जेंटिनाने २८ ऑगस्टला सुवर्ण जिंकले. त्याच दिवशी त्यांच्या फुटबॉल संघानेही सुवर्ण जिंकले होते. त्याआधी अर्जेंटिनाला ५२ वर्षे एकही ऑलिंपिक सुवर्ण मिळालेले नव्हते.

आशियाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण इथे अमेरिका नाही आणि तरीही नाट्य कमी नाही. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या एशियाडमध्ये फिलिपिन्स, जपान, इराण यांच्यामागे भारत चौथा आला होता. पदकाच्या इतक्या जवळ भारतीय संघ पुन्हा आलेला नाही. फिलिपिन्सने १९६२ पर्यंत चारही सुवर्णे घेतली आणि मग राज्य गेले दक्षिण कोरिया, इस्रायल, चीन यांच्याकडे. महिलांचा खेळ १९७४ ला तेहरानमध्ये आला. २००२ मध्ये बुसानला याओ मिंगचा चीन अजिंक्य मानला जात होता, पण यजमान कोरियाने त्याला जादा वेळेत १०२-१०० असे हरवले. २०१४ ला इंचॉनमध्ये कतारच्या महिला संघाला हिजाब काढायला सांगण्यात आले. त्या खेळल्याच नाहीत, सामना सोडून दिला. तीन वर्षांनी फिबाने नियम बदलला. चेंडू न उडवता मिळवलेला हा विजय पदकतालिकेत कुठेच दिसत नाही. २०१८ ला जकार्तात उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मुली एकाच संघातून खेळल्या आणि चीनकडून ७१-६५ अशा हरून रौप्य घेऊन गेल्या. २०२३ मध्ये हँगझोऊला फिलिपिन्सने चीनविरुद्ध २० गुणांची पिछाडी भरून काढत ७७-७६ असा विजय मिळवला, मग जॉर्डनला ७०-६० असे हरवून ६१ वर्षांनी सुवर्ण परत आणले.

चाकाच्या खुर्चीवरचे बास्केटबॉल हा या इतिहासाचा जोडभाग समजला जातो, तो तसा समजू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी अमेरिकी सैनिकांनी रुजवलेला हा खेळ १९६० च्या रोममधल्या पहिल्या पॅरालिंपिकपासून आहे, आणि महिलांसाठी १९६८ पासून. म्हणजे महिलांच्या बाबतीत पॅरालिंपिक ऑलिंपिकच्या आठ वर्षे पुढे होते. कडे तितकेच उंच, ३.०५ मीटर. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ असे अंक दिले जातात आणि कोर्टावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. त्यामुळे कमी हालचाल करू शकणाऱ्या खेळाडूंशिवाय संघच बनत नाही. संघ म्हणजे काय, याचा इतका नेमका विचार दुसऱ्या कुठल्या नियमावलीत क्वचितच सापडेल.

अलीकडे तीन विरुद्ध तीनचा खेळ आला आहे. अर्धे कोर्ट, एकच कडे, राखीव धरून चार खेळाडू, १० मिनिटे किंवा २१ गुण. २०१० च्या सिंगापूरमधल्या युवा ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा झाला, टोकियोत मोठ्या ऑलिंपिकमध्ये आला आणि पुरुषांचे पहिले सुवर्ण जेमतेम वीस लाख लोकसंख्येच्या लाटव्हियाने जिंकले. पॅरिसला नेदरलँड्सचे पुरुष आणि जर्मनीच्या महिला, दोघेही एका गुणाने जिंकले. पाच विरुद्ध पाचच्या स्पर्धेत, तिकडे लील शहरात, दक्षिण सुदान पहिल्यांदाच ऑलिंपिक खेळत होता. २०११ मध्ये जन्मलेल्या या देशात त्या वेळी छप्पर असलेले एकही कोर्ट नव्हते. सामन्याआधी चुकून दुसऱ्याच देशाचे, सुदानचे, राष्ट्रगीत वाजले. खेळाडू छातीवर हात ठेवून उभे राहिले, मग त्यांचे खरे गीत वाजले, आणि त्यांनी पोर्तो रिकोला ९०-७९ असे हरवले.

भारतासाठी यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. टोकियो ऑलिंपिकसाठीची तीन-तीनची पात्रता स्पर्धा बंगळुरूला ठरली होती. कोरोनाच्या साथीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाली. पाच विरुद्ध पाचच्या खेळात, पुण्याची शिरीन लिमये ज्या संघात होती त्या भारतीय महिलांनी हँगझोऊच्या एशियाडमध्ये इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे उत्तर कोरियाने त्यांना रोखले. नागपूर, पुणे, मुंबईत शाळा-महाविद्यालयांचे संघ दरवर्षी उभे राहतात. चार चांगले खेळाडू एकत्र ठेवून त्यांना वर्षभर परदेशी संघांशी खेळवणे हे बारा जणांचा संघ उभा करण्यापेक्षा कितीतरी आवाक्यातले काम आहे, आणि १९५१ चा तो चौथा क्रमांक ओलांडायचा असेल तर सुरुवात तिथून करता येईल.